तालिनबद्दल एक ओळही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चीनमधल्या शाओलिन मठावरचा लेख वाचला. पानभर फोटो, पण सगळे उड्या मारणाऱ्या मुलांचे. मठापासून पाच मिनिटांच्या वाटेवर, पश्चिमेला ‘तालिन’ आहे, म्हणजे पॅगोडांचं वन. त्याबद्दल एक ओळही नाही. मनाला लागलं, म्हणून लिहितो.

मी मावळातला गवंडी. चाळीस वर्षं विटा रचल्या. मुलगी नोकरीनिमित्त चीनमध्ये होती, तेव्हा तिने मला तिथे नेलं. सोंगशान डोंगराच्या पायथ्याशी, झाडीत दोनशेहून जास्त समाध्या. मठातल्या भिक्षूंच्या अस्थी त्यांच्याखाली ठेवायचे. कुठे एकच मजला, कुठे सात. भिक्षूचा अधिकार आणि शिष्यपरिवार बघून उंची ठरायची. तालिनमधली सर्वांत जुनी समाधी फावान नावाच्या भिक्षूची, इ.स. 791 ची. तिच्यासमोरून माझा पाय निघेना. विटांचा एकेक थर जरासा पुढे काढत छज्जा बाहेर आणला आहे. लोखंड नाही, सिमेंट नाही. बाराशे वर्षांपूर्वी ते थर लावणाऱ्या हातांना मी मनोमन नमस्कार केला.

लेखात मठाच्या इमारती दीड हजार वर्षं जुन्या म्हटल्या आहेत. मठ 495 साली स्थापन झाला, तोही बातुओ या भारतीय भिक्षूसाठी, हे खरं. पण 1928 मध्ये एका लष्करी सरदाराने तो जाळला. आजचा मुख्य मंडप 1980 च्या दशकातला. तालिन मात्र त्या आगीतून वाचलं. तिथे 1339 सालचा एका जपानी भिक्षूने रचलेला शिलालेख आहे आणि 1564 सालची एका भारतीय भिक्षूची समाधीही. मुलीने पाटी वाचून सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कारण आमच्या मावळातल्या भाजे गावच्या बौद्ध लेण्यांतही असे चौदा दगडी स्तूप आहेत, पाच आत, नऊ बाहेर. तेही थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या स्मरणार्थच. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन ही त्यांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. लहानपणी त्यांना टेकून आम्ही शिदोरी सोडायचो. ही कुणाची समाधी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आजही पोरं त्यांवर चढून फोटो काढतात.

इमारतींच्या वयाची दुरुस्ती छापावी आणि एखाद्या रविवारी फावानच्या समाधीचा आणि भाज्याच्या स्तूपांचा फोटो शेजारी शेजारी द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गवंडी, वडगाव मावळ