बोट खराब नाही, मोजमाप चुकलं आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला अल्गोरिदमच्या, म्हणजे यंत्र ज्या ठरवून दिलेल्या नियमांनी निवाडा करतं त्यांच्या, निष्पक्षतेवरचा लेख वाचून रात्री झोप लागली नाही. यंत्राला ना जात ना धर्म, म्हणून त्याचा निवाडा माणसापेक्षा स्वच्छ, असं लेखक म्हणतात. त्यांनी एकदा आमच्या रेशन दुकानात येऊन बघावं.

माझ्या आईनं सोलापुरात चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. वळायचं अंगठ्यानं आणि तर्जनीनं, तोंड मिटायचं तेही त्यांनीच. आज तिचा अंगठा काचेसारखा गुळगुळीत आहे. मागच्या महिन्यात दुकानदारानं आधी उजवा अंगठा लावायला सांगितला, मग डावा, मग एकेक करून सगळी बोटं. तिनं पदराला हात पुसले. दुकानदारानं स्वतः तिचं बोट मशीनवर दाबून धरलं. ठसा जुळेना. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, ते गेले तेव्हाच बंद झालेला. कार्डावर ती एकटीच. "मावशी, मशीन घेत नाही, मी काय करू?" दोनदा रिकामी पिशवी घेऊन परतली. तिसऱ्या खेपेला डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. घरी येऊन मला म्हणाली, "माझीच बोटं खराब झालीत गं."

तिची बोटं खराब नाहीत. ठसा किती जुळला याचे यंत्र गुण देतं. किती गुणांना पास करायचं तो आकडा माणूस ठरवतो. आकडा वर नेला की तोतया अडतो, पण झिजलेल्या बोटांची खरी माणसंही परत जातात. खाली आणला की उलट. कोणाला त्रास झाला तरी चालेल, हे रांग लागण्याआधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवताना विडीवाल्या, ऊसतोड करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची बोटं तपासली होती का, एवढंच मला विचारायचं आहे. अमेरिकेत २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के निघाली आणि काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्या यंत्रांनाही जात नव्हतीच.

ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, पर्यायी व्यवस्था ठेवावी, असं परिपत्रक आधार प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१७ मध्येच काढलं आहे. आमच्या दुकानदारानं त्याचं नावही ऐकलेलं नाही. त्याच्या टेबलावर मात्र आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा उघडा पडला होता, सगळ्यात वर आईचा फोटो आणि पूर्ण नंबर. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखानं सांगितलं. तो हक्क रेशन दुकानाच्या टेबलापर्यंत आलेला नाही.

आणि राहवत नाही म्हणून लिहिते. तो लेख मी आपल्याच ॲपवर वाचला. उघडताना ॲपनं माझं लोकेशन आणि फोनमधले सगळे नंबर मागितले. बातमी वाचायला माझ्या नातेवाइकांचे नंबर कशाला लागतात, याचं उत्तर आपण छापावं.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी, सोलापूर