९९ वर्षांच्या पट्ट्यावरचं घर

कॅनबेरा, ऑस्ट्रेलिया, नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा प्रश्न फोनवर अर्धवटच राहिला. तुम्हाला माझं ऐकू येत नव्हतं आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ओरडत होते, म्हणून आता लिहूनच पाठवते. आई, तू वाचून दाखव. "जे सरकार रशियाची जमीन एका दिवसात काढून घेतं, ते तुमचं घर ठेवील का?" तहसील कचेरीत सगळी नोकरी केलेल्या माणसाला हे खटकणारच.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. इथे घर घेतलं तरी जमीन आपल्या नावावर होत नाही. कॅनबेराची जमीन सरकारची, आपल्याला मिळतो तो ९९ वर्षांचा भाडेपट्टा. आमचा तसाच, शेजाऱ्यांचा तसाच, आणि वकिलातींचाही पट्टाच.

रशियाला नव्या वकिलातीसाठी असाच पट्टा डिसेंबर २००८ मध्ये मिळाला. जागा यारालुमलात, पार्लमेंटपासून साधारण ४०० मीटरवर. तो सगळा भागच वकिलातींचा; आपलं हाय कमिशनही तिथेच आहे, पासपोर्टच्या कामाला मी जाते ते. २०११ मध्ये त्यांचे नकाशे मंजूर झाले आणि तीन वर्षांत बांधकाम पुरं करायचं ठरलं. ते काही झालं नाही. एक इमारत उभी राहिली, बाकी काम रेंगाळलं. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये नॅशनल कॅपिटल अथॉरिटीने (वकिलातींचे पट्टे बघणारं सरकारी खातं) पट्टा रद्द केला. म्हणजे सरळसरळ शर्तभंगाची केस, बाबा; तुम्ही अशा किती फायली हाताळल्या असतील. पण रशिया कोर्टात गेला आणि ३१ मे २०२३ ला फेडरल कोर्टाने ते रद्द करणंच बेकायदा ठरवलं.

त्यानंतर सरकारने शर्तभंगाचं नाव काढणं सोडलं. १५ जूनला पंतप्रधान अल्बनीझी यांनी सांगून टाकलं, की संसदेच्या इतक्या जवळ रशियाची नवी वकिलात नको, असा सुरक्षा यंत्रणांचा स्पष्ट सल्ला आहे. त्याच दिवशी विधेयक आलं, विरोधकांनी पाठिंबा दिला, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि सहीसुद्धा झाली. अख्खा कायदा एका प्लॉटसाठी! ग्रिफिथमधली त्यांची जुनी वकिलात मात्र जागेवर आहे, तिला कोणी हात लावला नाही. (बाबा, १९५४ मध्ये पेत्रोव नावाचा सोव्हिएत अधिकारी फुटून ऑस्ट्रेलियाला मिळाला, त्या प्रकरणापासून इथे रशिया आणि हेरगिरी हे शब्द जोडीनेच येतात. पुढच्या वेळी आलात की तुम्हाला ते सगळं सांगायचंय.)

आई, तू ज्या माणसाबद्दल विचारत होतीस तो त्यानंतरचा. कायदा झाल्यावर एक रशियन अधिकारी त्या जागेवरच्या छोट्याशा केबिनमध्ये मुक्काम ठोकून बसला. जूनमधली इथली थंडी तुला माहीत आहे, रात्री पारा शून्याखाली. त्याला राजनैतिक संरक्षण, त्यामुळे पोलीस बाहेर गाडी लावून नुसते बघत होते. अल्बनीझी म्हणाले, गवतावर उभा राहिलेला एक माणूस म्हणजे काही देशाच्या सुरक्षेला धोका नव्हे. मग २६ जूनला हाय कोर्टाने (इथे सर्वोच्च न्यायालयालाच हाय कोर्ट म्हणतात) रशियाला अंतरिम स्थगिती नाकारली आणि तो गाडीत बसून निघून गेला. तेवढ्यावर थांबलं. घरमालक-भाडेकरूंच्या भांडणात आपल्या आळीत याहून जास्त आरडाओरडा होतो.

खरा मुद्दा पुढे आहे. मूळ खटला चालू राहिला आणि त्याचा निकाल याच महिन्यात, १२ तारखेला लागला. हाय कोर्ट म्हणालं, कायदा वैध आहे, जमीन रशियाला परत मिळणार नाही. पण सरकारने वाजवी मोबदला द्यायचा. इथल्या राज्यघटनेच्या ५१व्या कलमात तसं आहेच, केंद्र सरकारने मालमत्ता घेतली तर न्याय्य अटींवरच घ्यायची. मोबदला देणं लागत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. तो कोर्टाने मानला नाही. युक्रेनच्या युद्धानंतर इथे रशियाबद्दल कोणाच्याही मनात माया नाही, तरी मोबदला द्यावाच लागणार.

बाबा, इतक्या घाईने केलेला कायदा मला आवडलेला नाही. उद्या दुसऱ्या कोणासाठीही असंच करता येईल, ही तुमची भीती वेडगळ नाही. पण ज्याच्यावर सगळ्यांचा राग त्यालाही मोबदला मिळणार असेल, तर आमच्या दोन खोल्या आणि परसाची मला काळजी वाटत नाही. शिवाय राहत्या घराच्या पट्ट्याची मुदत संपत आली, की कार्यालयीन खर्चाएवढी फी भरून तो आणखी ९९ वर्षांसाठी मिळतो. आपल्याकडच्या नूतनीकरणाच्या चकरा आठवून तुम्हाला हे खोटं वाटेल!

तेव्हा रानातला तुकडा विकून पैसे पाठवायचं मनातून काढून टाका. कर्ज मंजूर झालंय, हप्ता झेपतो. पट्ट्याची प्रत दादाकडे मेल केली आहे, तो छापून आणेल. अटींचं पान मुद्दाम वाचा आणि काही वावगं दिसलं तर सही करायच्या आधी कळवा. आणि कानाचं मशीन कपाटात ठेवू नका, कानात घाला.

आई, उन्हाळी वाळवणं कुरियरने नको. कस्टमवाले अडवतात.

तुमची,
बेबी