लाइम होऊन गेलेला दाता: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

काही वर्षांपूर्वी रानातून फिरून आल्यावर आठवड्याभराने माझ्या मांडीवर एक लाल चट्टा उठला. खाज नव्हती, दुखत नव्हता, पण रोज थोडा थोडा पसरत होता. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, गोचीड चावली आहे आणि हा तिच्या चाव्यातून होणारा लाइम नावाचा आजार आहे. डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या, चट्टा गेला, अंगातली कणकण गेली, मी बरी झाले. वर्षभराने नेहमीप्रमाणे रक्त द्यायला गेले आणि अर्जावर हे सगळे प्रामाणिकपणे लिहिले. त्या रक्तपेढीने मला कायमचे बाद केले. पुढे दुसरीकडे गेले, तेच लिहिले, तिथे कोणी ते वाचलेही नाही आणि मला सरळ खुर्चीत बसवले. कारण दोन्हीकडे कोणी सांगितले नाही.

एवढ्यावरच थांबले असते तर मी आपल्याला पत्र लिहिले नसते. रक्त देणारे इतर पुष्कळ असतात, माझ्यावाचून कोणाचे अडत नाही, असे म्हणून मी गप्प बसले होते. मग माझ्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला.

तिला दुसऱ्या कोणाची तरी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, द्यायची होती. सख्ख्या भावंडांत एचएलए, म्हणजे त्यासाठी जुळवून पाहतात त्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आम्ही दोघीच बहिणी, आणि माझे जुळले. त्या आनंदाला दोन दिवसही झाले नव्हते तोच मी पुन्हा अर्ज भरायला बसले आणि पुन्हा लिहिले: लाइम, उपचार पूर्ण, आता तक्रार नाही. रक्त तपासले, लाइमच्या अँटिबॉडीज, म्हणजे त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडल्या. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे मला दाता म्हणून घ्यायचे की नाही हे कोणी ठरवू शकले नाही. त्या दिवसांत माझ्या मनात एकच प्रश्न होता. माझ्या हाडांतून जे काढून तिला देणार आहेत, त्यातून तिला जीव मिळणार की माझा आजार? प्रत्यारोपणाआधीच्या औषधांनी जिची सगळी प्रतिकारशक्ती पुसली जाणार आहे, तिला मी हे देऊ का? शेवटी एका संसर्गरोगतज्ज्ञांनी दहा मिनिटांत सगळे समजावून सांगितले आणि काम पुढे सरकले. त्यांनी सांगितलेले आणि नंतर मी स्वतः वाचलेले असे जे काही आहे, त्याच्या आधाराने हे पत्र लिहीत आहे.

लाइमचा जंतू, बोरेलिया बर्गडॉर्फेरी, हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू आहे. सिफिलिस या गुप्तरोगाचा जंतूही तसाच पिळदार. पण एक फरक मोठा आहे. सिफिलिसचा जंतू रक्तपेढीच्या थंडाव्यात काही दिवसांत मरतो, बोरेलिया मरत नाही. १९८९-९० च्या सुमारास संशोधकांनी तो मुद्दाम रक्तात मिसळून पाहिला, तेव्हा थंड ठेवलेल्या लाल पेशींत तो कित्येक आठवडे जिवंत राहिला. लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त ४२ दिवस वापरता येते. म्हणजे साठवणीने जंतू मरेल यावर विसंबता येत नाही. उंदरांच्या प्रयोगांत तर रक्त चढवून संसर्ग पोहोचवून दाखवलेला आहे. माणसांत, सुरुवातीच्या चट्ट्याच्या काळात तपासलेल्या २१३ रुग्णांपैकी सुमारे ४४ टक्क्यांच्या रक्तातून हा जंतू वाढवता आला, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

हे वाचून कोणीही घाबरेल. मीही घाबरले होते. पण याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवायला हवी. एकट्या अमेरिकेत दरवर्षी अंदाजे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात असे तिथली रोगनियंत्रण संस्था म्हणते, आणि तरीही रक्त चढवल्यामुळे माणसाला लाइम झाल्याची एकही सिद्ध नोंद आजवर नाही. हा जंतू रक्तात फार काळ रेंगाळत नाही, थोड्या संख्येने येतो आणि लवकरच सांधे, त्वचा, मज्जातंतू यांकडे सरकतो. ज्या दिवसांत तो रक्तात असतो, त्या दिवसांत माणसाला बहुधा ताप, अंगदुखी किंवा चट्टा असतो, आणि तसा माणूस रक्तदानाला सहसा येत नाही किंवा आला तरी परत पाठवला जातो.

पण, महोदय, हा दिलासा रक्ताचा आहे. तो उचलून अस्थिमज्जेवर चिकटवता येत नाही. रक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर चढवले जाते. मज्जेची प्रत्यारोपणे त्याच्या तुलनेत फार थोडी होतात. थोड्या घटनांत काही आढळले नाही याचे वजनही थोडेच. शिवाय ज्याला मज्जा दिली जाते त्याच्या अंगात संसर्गाशी लढायला त्या काळात काही उरलेलेच नसते.

आणि याच ठिकाणी उलटी बाजूही तितकीच खरी आहे. रक्तपेढीने मला नाकारले तर एक पिशवी कमी होते, उद्या दुसरा कोणी ती भरून काढतो. जुळणारा मज्जादाता नाकारला तर रुग्णासाठी कदाचित दुसरा कोणीच नसतो. ‘शंका असेल तर नको’ हा रक्तपेढीचा नियम तिथे शहाणपणाचा आहे. मज्जेच्या दारात तोच नियम रुग्णाचा जीव घेऊ शकतो. माझ्या बहिणीच्या बाबतीत दोन आठवडे जे वाया गेले ते या एका गोंधळाने गेले: समोरच्या माणसाच्या हातात रक्तपेढीचा कागद होता आणि विचारायचा प्रश्न प्रत्यारोपणाचा होता.

अँटिबॉडीजचेही तसेच. लाइमच्या अँटिबॉडीज उपचारानंतर वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात. त्या सापडल्या म्हणजे जंतू आजही अंगात आहे असे होत नाही. आणि अगदी ताज्या संसर्गात, जेव्हा खरा धोका असतो, तेव्हा त्या अजून तयारच झालेल्या नसतात, त्यांना काही आठवडे लागतात. म्हणजे ही तपासणी सरसकट सगळ्या दात्यांवर लावली तर बरे झालेले लोक अडकतील आणि ताजा संसर्ग असलेला सुटून जाईल. कोणी आपल्यापुढे असा प्रस्ताव ठेवला तर कृपया मान्य करू नका.

माझे म्हणणे असे की योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला जावा. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत गोचीड चावली का, पसरणारा लाल चट्टा उठला का, लाइमचे उपचार कधी पूर्ण झाले, त्यानंतर काही त्रास राहिला आहे का? सध्या अर्जावरच्या ‘गंभीर संसर्ग’ या दोन शब्दांत हे काहीच मावत नाही. पुष्कळांना गोचीड चावल्याचे कळतही नाही, कारण ती खसखशीएवढी असू शकते, म्हणून चट्ट्याबद्दल विचारणे अधिक महत्त्वाचे. आणि चट्टाही प्रत्येकाला उठतोच असे नाही, हे प्रश्न विचारणाऱ्याला माहीत हवे.

या प्रश्नामागे आणखी एक जण लपलेला आहे, आणि मला तो लाइमपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. जी गोचीड लाइम देते, तीच बॅबेसिया नावाचा परजीवी देऊ शकते. हा लाल पेशींतच राहतो, काही लोकांत काहीही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने टिकतो, आणि रक्तातून पसरल्याच्या सिद्ध नोंदी शेकड्याने आहेत. प्लीहा काढलेल्या, वयस्क किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला तो मारू शकतो. मुद्दा असा की डॉक्सिसायक्लीनने लाइम बरा होतो, बॅबेसिया नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिनसारखी वेगळी औषधे लागतात. म्हणजे ‘लाइम झाला होता, गोळ्या घेतल्या, बरी आहे’ असे माझ्यासारखीने लिहिले, तर पुढचा प्रश्न बॅबेसियाचा असायला हवा. मला तो एकाही ठिकाणी विचारला गेला नाही. त्या संसर्गरोगतज्ज्ञांनी विचारला, तपासला, आणि तो नव्हता.

तपासणीने काय साधते याचा पुरावा आहे. अमेरिकेत बॅबेसिया जास्त आढळणाऱ्या भागांतली ८९,१५३ रक्तदाने तपासली, तेव्हा ३३५ मध्ये त्याच्या ताज्या किंवा जुन्या संसर्गाची खूण सापडली, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या रक्तातून कोणालाही आजार झाला नाही. त्याच काळात न तपासलेल्या रक्तातून मात्र झाला. २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने १४ राज्ये आणि राजधानीच्या क्षेत्रात ही तपासणी करण्याची शिफारस केली. सगळीकडे नाही, जिथे गरज आहे तिथे. हे मला पटते. जिथे या गोचिडी आणि हे आजार आहेत, तिथे रक्तपेढ्यांनी काय तपासायचे ते ठरवावे, आणि मज्जादात्याच्या बाबतीत तो कुठे राहतो यापेक्षा तो कुठे कुठे फिरून आला हे विचारावे. माणसे फिरतात.

दुसरी मागणी वेळेची. मज्जा देण्याआधी रुग्णाला साधारण आठवडाभर जबर औषधे किंवा किरणोपचार देतात. ते एकदा सुरू झाले की रुग्णाची स्वतःची मज्जा सहसा परत येत नाही, त्यानंतर दाता मागे घेणे म्हणजे रुग्णाला उघड्यावर सोडणे. म्हणून हे सगळे प्रश्न जुळणी कळल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारले जावेत आणि अडल्यास निर्णय कोणी घ्यायचा त्या तज्ज्ञाचे पद नियमात लिहिलेले असावे. दात्याचा लाइम वेळेवर कळला तर उपाय असतात: दात्यावर आधी उपचार करता येतात, रुग्णावर लक्ष ठेवता येते, गरज पडली तर औषधे देता येतात, कारण बोरेलियाला मारणारी साधी प्रतिजैविके आहेत. लपून राहिला तर ताप आल्यावर डॉक्टर दहा भलत्या ठिकाणी शोधत बसतील.

तिसरी गोष्ट अगदी स्वस्तातली आहे. रक्त देऊन घरी गेलेल्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी द्या: पुढच्या महिन्यात ताप आला, चट्टा उठला, गोचीड चावल्याचे आठवले तर या नंबरवर फोन करा. चट्टा गोचीड चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठतो. लाल पेशींची पिशवी त्यापेक्षा जास्त दिवस टिकते. म्हणजे पुष्कळदा ती पिशवी अजून फ्रीजमध्येच असेल आणि एका फोनवर बाजूला काढता येईल. वापरली गेली असेल तर ती कोणाला चढवली हे शोधून त्या रुग्णाच्या डॉक्टरांना कळवता येईल. प्लेटलेट्स पाच-सात दिवसांतच संपतात, तिथे हे बहुधा जमणार नाही. आणि अशा फोनांची नोंद एका ठिकाणी जमा झाली, तरच ‘एकही नोंद नाही’ या वाक्यावर आम्हाला विश्वास ठेवता येईल. हा आजार जगाला कळला तोही असाच. १९७५ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावात आणि आसपास इतकी मुले सांधे धरून का बसली आहेत, हे दोन आयांनी मोजून आरोग्य खात्याला कळवले, म्हणून. जंतू त्यानंतर सात वर्षांनी, १९८२ मध्ये जगासमोर आला.

आणि ज्यांना तुम्ही नाकाराल, त्यांना कारण सांगा. कायमचे की काही काळासाठी, आणि पुन्हा कधी यायचे. उपचारानंतरही ज्यांचा थकवा, सांधेदुखी महिनोन्‌महिने जात नाही अशा लोकांना आधीच डॉक्टरांनी, नातेवाइकांनी पुष्कळदा खोटे ठरवलेले असते. त्यांना दाता म्हणून थांबवणे रास्त आहे, त्यांच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही. पण दारातून न बोलता परत पाठवणे रास्त नाही. असे दोनदा घडले की माणूस तिसऱ्यांदा अर्जावर लाइम लिहिणे सोडून देतो. मी स्वतः तिसरा अर्ज भरताना क्षणभर हात थांबवला होता. समोर माझी बहीण होती म्हणून लिहिले.

माझ्याकडे तिन्ही अर्जांच्या प्रती, तपासण्यांचे अहवाल आणि त्या दोन आठवड्यांतला सगळा पत्रव्यवहार जपून ठेवलेला आहे. आपल्या खात्यात हा विषय ज्या अधिकाऱ्यांकडे असेल, त्यांनी बोलावल्यास तो घेऊन मी येईन, आणि बहीणही येणार म्हणते.

आपली,
एक रक्तदाता आणि मज्जादाता