हिशेब बैठक: येत्या रविवारी, सकाळी 10 वाजता

सर्व सभासदांना नमस्कार,

बैठक दादरला आपल्या नेहमीच्या जागी होईल. गेल्या पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहेत. एकाच वर्षाच्या आकड्यावर विसंबू नका. मार्चअखेरीस आलेली एखादी मोठी देणगी वर्षभराची तूट झाकून टाकते.

मुख्य प्रश्न असा: जागेचं भाडं, बँकेचे चार्जेस आणि ऑडिट फी सभासदांच्या वर्गणीतून निघते का? निघत नसेल, तर नेत्रशिबिरासाठी आलेले पैसे नकळत भाड्यात जातात. देणगीदाराने ते त्यासाठी दिलेले नसतात. म्हणून प्रकल्प आणि प्रशासन यांची बँक खाती वेगळी करण्याचा, तसंच किमान सहा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत ठेवण्याचा ठराव मांडला जाईल.

शुक्रवारपर्यंत:
- खर्चाची मूळ बिलं खजिनदारांकडे द्या. बिलाशिवाय पैसे परत मिळणार नाहीत.
- थकीत वर्गणी भरा.

देणग्या चेकने किंवा यूपीआयने घ्या. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला आयकरात वजावट मिळत नाही.

31 मार्चला संपलेल्या वर्षाचं ऑडिट 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण करून अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करायचा आहे. दोन बिलं अडली तरी अहवाल अडतो.

– खजिनदार