घरचीच शाळा, घरचंच ऑफिस

महोदय,
धाकटीला दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेतून काढलं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा ती देणार आहे. मी घरूनच एका कंपनीचे हिशेब बघते. सकाळी साडेसहा ते साडेआठ गणित-मराठी, मग माझा लॅपटॉप. अपूर्णांक पोळ्यांवर शिकवले. त्या दिवशी सगळ्यांच्या ताटात चतकोरच! महिनाअखेरीला मात्र अभ्यास बुडतो. परवा मीटिंग चालू असताना मागून आवाज, ‘आई, लसावि चुकला!’ साहेब हसले, मी नाही. शेजारच्या काकू म्हणतात, ‘घरीच तर असतेस, दमतेस कशानं?’ (उत्तर देत नाही.) शहरातल्या वाचनालयांनी दुपारी दोन तास बालविभाग उघडा ठेवला, तर तेवढ्यात माझा ताळेबंद जुळेल.

– एक पालक, सातारा