मुदुमलाईच्या जंगलात टेप धरणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तसं कन्नडही तुम्ही सहीपुरतंच लिहायचात. आकडे मात्र माझ्याआधी वाचायचात, तेही वाळल्या चिखलाखालच्या बिल्ल्यावरचे. यातलं बरंचसं मी फोनवर मोडक्यातोडक्या भाषेत तुम्हाला सांगितलंय. पण इथं आजऱ्यात लोक अजून विचारतात, "मॅडम, तिकडं जंगलात दोन वर्षं तुम्ही नेमकं करत काय होता?" मी म्हणते, झाडं मोजत होते. मग माणूस हसतो आणि विषय पावसावर जातो. तेव्हा आभार तुमचे मानायचेत, पण ऐकवायचंय इथल्यांना. पत्र उघडं लिहिण्याचं कारण एवढंच.

२००० साली मी कोल्हापुरातून एमएस्सी होऊन तमिळनाडूत, मुदुमलाईच्या जंगलाशेजारच्या मासिनगुडीला उतरले, तेव्हा पिशवीत दुर्बीण होती आणि डोक्यात वाघ. नोकरी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची. तुम्ही सगळे तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणायचात. तिथलं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस १९८३ मध्ये सुरू झालं, ते उभं करण्यात पुढाकार पुण्याच्या माधव गाडगीळांचा. आमच्या घरी याचा फार उपयोग झाला. पोरगी परमुलखात जंगलात राहणार म्हणून आईनं धरलेला अबोला 'आपल्याच माणसानं काढलेली संस्था' या एका वाक्यावर सुटला.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात दुर्बिणीऐवजी काय दिलंत? बांबूची १.३ मीटरची काठी, कापडी टेप आणि पॅड. काठी झाडाला टेकवायची, त्या उंचीवर टेप गुंडाळायचा, घेर सांगायचा. पुढचं झाड. मग त्याच्या पुढचं. एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद तुकडा, म्हणजे ५० हेक्टर, आपल्या भाषेत सव्वाशे एकराला थोडा कमी. त्याचे वीस बाय वीस मीटरचे १,२५० चौकोन. आणि त्यात एक सेंटिमीटरहून जाड, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडं जाड असलेलं प्रत्येक खोड. १९८८ साली पहिली मोजणी झाली तेव्हा ती पंचवीस हजारांवर भरली होती. प्रत्येकाला ॲल्युमिनियमचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. दर चार वर्षांनी सगळ्यांचा घेर, आणि मधल्या प्रत्येक वर्षी सगळ्यांची हजेरी: कोण आहे, कोण गेलं, कशानं गेलं.

खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला रडू आलं होतं. यासाठी एमएस्सी केलं का, असं वाटायचं. घाणेरीच्या काट्यांनी हात सोलून निघायचे. ही बया मूळची अमेरिकेतली, साहेबानं शोभेला म्हणून आणली आणि आता जंगलभर माजलीय. तिच्यातून वाकून जाताना तुम्ही कोयत्यानं वाट करायचात, पण बिल्ला लावलेल्या रोपाला कधी कोयता लागला नाही. हे कसं जमायचं ते मला अजून कळलेलं नाही.

झाडांच्या नावांवरून आपली गट्टी जमली. मार्चमध्ये पानं झडलेली. मी पुस्तकात पानांचे आकार शोधतेय आणि तुम्ही सालीवर हात फिरवून सांगताय: मत्ती. मगरीच्या पाठीसारखी साल बघितली आणि मी ओरडले, अहो, हा तर आमचा ऐन! दिंडिग म्हणजे धावडा, तेग म्हणजे साग, कक्के म्हणजे बहावा, नेल्ली म्हणजे आवळा. एका वहीत तीन रकाने केले: शास्त्रीय नाव, तुमचं, माझं. परमुलूख म्हणून आले होते आणि निम्मी झाडं आमच्या गवशाच्या रानातली निघाली. ती वही अजून आहे, वाळवीनं एक कोपरा खाल्लाय.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती.

एक मोठा ऐन होता. त्याचा १९९६ चा घेर कागदावर छापलेला होता. मी टेप लावला तर आकडा आदल्यापेक्षा कमी. अगदी थोडा, सेंटिमीटरच्या आत. झाड कधी आखडतं का? बंगळुरूला संगणकावर बसलेले लोक म्हणणार, नव्या बाईला टेप धरता येत नाही. पेन्सिल हातात होती. मी मनातल्या मनात एक सेंटिमीटर वाढवला होता, म्हणजे कोणी काही विचारणार नाही. तुम्ही कागद बघत नव्हता, माझं तोंड बघत होता. काही न बोलता टेप घेतलात, स्वतः लावलात. तोच आकडा. सैल करून पुन्हा लावलात. तोच. मग म्हणालात, "बरी."

मला वाटलं, तुम्ही म्हणताय 'ठीक आहे, चालतंय'. मी माझा वाढवलेला आकडा लिहायला लागले. तुम्ही कागदावर बोट ठेवून पुन्हा, जरा मोठ्यानं: "बरी, मेडम, बरी!" सीमेजवळची असून मला ठाऊक नव्हतं की कन्नडमध्ये 'बरी' म्हणजे 'लिही'. आहे ते लिही.

लिहिलं.

झाडाचं खोड सुक्या दिवसांत खरंच थोडं आखडतं. सालीतलं पाणी कमी होतं, जुनी साल खपलीसारखी गळते. हे मला नंतर वाचून कळलं. तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. बहुधा तुम्हाला त्याची गरजच वाटली नसेल. पण त्या दुपारी मी तो सेंटिमीटर घातला असता, तर पुढं तशीच शेकडो झाडं 'वाढवली' असती, कारण पहिल्यांदा जमलं की हात सोकावतो. आणि माझ्या त्या खोट्या सेंटिमीटरांचं लाकूड झालं असतं, लाकडाचा कार्बन झाला असता, आणि सुकं जंगल हवेतला किती कार्बन धरून ठेवतं याच्या हिशेबात तो जाऊन बसला असता.

हे सव्वाशे एकर एकटे नाहीत, हे मी तुम्हाला शेकोटीजवळ सांगायचा प्रयत्न केला होता. पहिला असा ५० हेक्टरांचा तुकडा १९८० साली पनामात, बारो कोलोरॅडो बेटावर आखला गेला. मग मलेशियात पासोहला, मग आपला. आज जगभरात असे सत्तरहून जास्त तुकडे आहेत, आणि सगळीकडे तीच १.३ मीटरची उंची, तीच एक सेंटिमीटरची अट. म्हणून तर पनामातलं झाड आणि मुदुमलाईतलं झाड एका तक्त्यात मांडता येतं. पण पनामा आणि पासोह ही दोन्ही ओली जंगलं. वणवा, दुष्काळ आणि हत्ती या तिघांच्या तावडीतलं सुकं जंगल वर्षानुवर्षं, बिल्ल्याबिल्ल्यानिशी कसं जगतं-मरतं, हे आपल्या कागदांवर होतं. त्या वार्षिक हजेरीतूनच पुढं दिसलं की पाऊस ओढ देतो त्या वर्षी मोठी झाडं मरत नाहीत. ती मागाहून मरतात, आपण दुष्काळ विसरल्यावर. एखादा हुशार माणूस दोन वर्षांचा प्रकल्प घेऊन आला असता, तर त्याला हे कधीच सापडलं नसतं. प्रकल्प संपतात, पैसे देणारे बदलतात, माझ्यासारख्या मुली लग्न करून नाहीतर नोकरी लागून जातात. विद्यापीठासारखी जागा असेल तरच कोणी वीस-तीस वर्षं त्याच झाडापाशी जात राहतं. आणि विद्यापीठातर्फे पायानं जाणारे तुम्ही.

वारंगाच्या झाडाचं तसंच. तुमचा बेंडे. १९८८ मध्ये त्या तुकड्यात सगळ्यात जास्त संख्या त्याचीच होती; मी आले तोवर अशी अवस्था की बिल्ले जमिनीवर सापडायचे आणि झाड नाही. तुम्ही मोडलेला बुंधा बघून सांगायचात, हा हत्तीचा, हा वणव्याचा, हा नुसता वाळला. हत्ती वारंग, धामण असली एका गोतातली झाडं हेरून खातो, साल ओरबाडतो, उभं खोड मोडतो. गंमत म्हणजे तुकड्याचे मुख्य शास्त्रज्ञ रामन सुकुमार हत्तींच्या अभ्यासासाठीच जगभर ओळखले जातात. हत्तीच्या माणसाच्या जंगलात हत्तीनं केलेलं नुकसान नंबर घालून मोजायचं काम आपल्याकडे.

तुम्ही मला मरू दिलं नाहीत, हेही लिहायला हवं. प्रत्येक चौकोनात शिरताना तुम्ही आधी मागं वळून बघायचात. मला ते भित्रेपण वाटायचं. एकदा सकाळी घाणेरीच्या जाळीपाशी तुम्ही हात आडवा केलात आणि सगळे थिजलो. मला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. तुम्ही वाळकं पान चुरून सोडलंत, वारा बघितलात आणि आलो त्याच वाटेनं आम्हाला माघारी नेलंत. शंभरेक पावलं गेल्यावर मागं फांदी मोडल्याचा आवाज आला. जीपमध्ये बसल्यावर तुम्ही एवढंच समजावलंत, की बाहेर पडायची वाट आधी हेरल्याशिवाय आत जायचं नाही, आणि हत्तीलाही निघून जायला वाट मोकळी लागते.

अण्णा, हे दुसरं वाक्य मला घरी येऊन उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे हत्ती फक्त गणपतीत. पण २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, आणि पुढं चंदगड-आजऱ्याकडंही आले. ऊस, केळी, माड, नाचणी, काही सोडलं नाही. पहिल्यांदा आमच्या वाडीशेजारी हत्ती आला तेव्हा दोनशे माणसं चारी बाजूंनी गोळा. फटाके, पत्र्याचे डबे, मोबाईलवर फोटो. मी ओढ्याच्या अंगाला उभ्या असलेल्या पोरांना शिव्या घालून हटवलं. कॉलेजच्या बाईच्या तोंडी असली भाषा पहिल्यांदा ऐकली म्हणूनही असेल, पण ती हटली. वाट मोकळी झाली, हत्ती ओढ्यानं वर निघून गेला. उसाचं नुकसान झालं ते झालंच, त्याबद्दल मी काही गोड बोलणार नाही. ज्याचं पीक जातं त्याला पर्यावरण सांगायला तोंड लागतं, आणि ते माझ्याकडे नाही. पण माणूस गेला नाही.

संशोधनाचे लेख छापून येतात तेव्हा नावं वर असतात, पदव्या असतात. शेवटी बारीक अक्षरात 'क्षेत्रीय सहायकांचे आभार' अशी एक ओळ. मुदुमलाईच्या लेखांत तरी तुमच्या लोकांची नावं घेतात, हे मी आवर्जून शोधून बघितलंय. सगळीकडे घेत नाहीत. पण तीही ओळ शेवटचीच. म्हणून मी तुमच्यासाठी एक अख्खं पत्र लिहायला बसले.

एक बातमी. कॉलेजच्या मागच्या रानात आम्ही चौकोन आखलाय. एकच, वीस बाय वीस. १,२५० कुठून आणणार? बिल्ले ॲल्युमिनियमच्या जुन्या डब्यांचे कापून केलेत, नंबर खिळ्यानं ठोकलेत. सत्त्याऐंशी खोडं भरली, तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या एप्रिलमध्ये अकरावीतली एक मुलगी पॅड घेऊन माझ्याकडे आली, चेहरा पडलेला. एक्केचाळीस नंबरचा ऐन गेल्या वर्षीपेक्षा कमी भरत होता. मी टेप घेऊन दोनदा लावला आणि तोंडातून निघून गेलं, "बरी."

ती म्हणाली, "कोण बरी मॅडम?"

तिला सगळं सांगितलं, म्हणजे तुमच्याबद्दल. तेव्हापासून पोरांच्यात तो शब्द चालू झालाय. मराठी शिकवणारे सर वैतागलेत.

गुडघ्याचं औषध घेताय का? फोनवर तुम्ही 'हो' म्हणता ते मला पटत नाही. घरच्या झाडांचे काजू पाठवतेय, भाजलेले आहेत, नातवंडांना द्या आणि तुम्हीही खा. दिवाळीच्या सुट्टीत चार पोरांना घेऊन मासिनगुडीला यायचा विचार आहे. जंगलात जायची परवानगी मिळेल न मिळेल, तुमच्या अंगणात बसून ती तीन रकान्यांची वही तरी पूर्ण करू. सतरा झाडांपुढचा तुमचा रकाना अजून कोरा आहे.

तुमची
मेडम
(पुष्कळदा सांगितलं, नावानं हाक मारा म्हणून. ऐकलं नाहीत.)