नायट्याची ट्यूब आणि आपण

बेळगाव

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले फोटो आणि ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं, दोन्ही नीट पाहिली. संतोषच्या कमरेवर साधा गोल नायटा राहिलेला नाही, चकतीत चकती उमटली आहे. हे त्या ट्यूबचंच काम. तिच्यात क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडॅझोल आणि टर्बिनाफाइन आहे. यातलं बुरशीवर चालणारं औषध फक्त शेवटचं. मधली दोन जिवाणू आणि आमांशाच्या जंतूंसाठी. नायट्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. क्लोबेटासोल तर मलमांतल्या स्टिरॉइडांत सर्वांत जहाल. खाज थांबते ती त्यानं, कारण ते त्वचेची प्रतिकारशक्तीच दाबून टाकतं. वरून लाली जाते, खाली बुरशी निवांत पसरते. जांघेत महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन वळ पडतात, आणि ते पुन्हा जात नाहीत. 2018 मध्ये सरकारनं अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. निपाणीत काय नि इथं खडेबाजारात काय, कोण विचारतंय!

आता टर्बिनाफाइनचं. बुरशीच्या पेशीचं आवरण अर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध पदार्थावर टिकतं, आणि तो बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) हे औषध अडवतं. त्या विकराच्या जनुकात एवढासा बदल झाला की औषध तिथं बसतच नाही. आपल्याकडं हल्ली पसरलेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीत असे बदल वरचेवर सापडतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. वीस वर्षांपूर्वी दोन आठवड्यांत जाणारा नायटा आता दोन-दोन महिने हटत नाही, तो यामुळं. अर्धवट उपचार आणि वर स्टिरॉइड, म्हणजे चिवट बुरशीला मोकळं रान. औषध बदलत जाऊ म्हणशील, तर तेही सोपं नाही. बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते, त्यामुळं तिला मारून आपल्याला न दुखवणारी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

म्हणून आधी तपासणी. चकतीच्या चढत्या कडेवरची खरवड काचेवर घेऊन 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात, आणि दहा-वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. मधल्या भागातून खरवड घेतली किंवा आदल्या दिवसापर्यंत मलम चोपडलं असेल, तर बुरशी असूनही तपासणी कोरी येते. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल. त्याला घाबरून पुन्हा तीच ट्यूब धरायची नाही. रात्री खाजेची साधी गोळी चालते.

डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं पोटातून घ्यायचं औषध देतील, आणि ते बहुतेकदा काही आठवडे चालतं. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. सोबत पँटोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी किंवा आम्लपित्ताचं पातळ औषध घेतलं, तर पोटात आम्ल कमी पडतं आणि कॅप्सूल नीट शोषली जात नाही. मग लोक म्हणतात, औषधच खोटं. स्वस्त कॅप्सूलमध्ये आतल्या औषधाच्या दाण्यांचा दर्जा कमी-जास्त असतो हेही खरं, तेव्हा मध्येच कंपनी बदलू नका. डॉक्टर देतील ते बुरशीचं मलम चकतीच्या कडेबाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावायचं, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. इथंच बहुतेकांचं चुकतं.

घरात वहिनींनाही आहे म्हणतोस, तर दोघांचा उपचार एकदमच सुरू व्हायला हवा. टॉवेल, चादर, चड्ड्या वेगळ्या. कपडे गरम पाण्यात, उलटे करून धुवायचे. खानापूरकडच्या पावसात वाळत नाहीत हे ठाऊक आहे, तर शिवणीवर गरम इस्त्री फिरवा. संतोषचा करदोडा काढून टाक, त्याच्या खाली ओल आणि बुरशी दोन्ही राहतात. घट्ट जीन्स काही दिवस बंद.

तू शेतातल्या फवारणीबद्दल विचारलंस. सोयाबीनच्या तांबेऱ्यावर मारतोस ते हेक्झाकोनॅझोल इट्राकोनॅझोलच्याच कुळातलं आहे, पण संतोषचा नायटा त्यामुळं चिवट झाला असं मानू नको. धोका आहे तो मातीत आणि कुजलेल्या काडीकचऱ्यात राहणाऱ्या अॅस्परजिलस बुरशीचा. फवारणीत तगलेले तिचे बीजाणू श्वासातून आजारी माणसाच्या फुप्फुसात गेले, तर दवाखान्यातली औषधंही तोकडी पडतात. म्हणून रोग दिसल्यावरच, सांगितलेल्या मात्रेत आणि औषधाचा गट बदलून फवार. पाऊस थांबला म्हणून उगाच एक फेरी जास्त नको.

आईंना आता काहीच डाग नाहीत, तरी डॉक्टरांकडं येताना त्यांच्या रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत आण. पुढं त्यांनाही लागलंच, तर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या इट्राकोनॅझोलबरोबर चालत नाहीत, आणि हृदय कमजोर असलेल्यांना ते शक्यतो देत नाहीत. वहिनींना दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. खरवड घ्यायची असल्यानं येण्याआधी आठवडाभर डागावर काहीही लावू नका, खोबरेल तेलसुद्धा नाही.

तुझा,
सदा